टायर कुठून घ्यावेत

कोणतीही वस्तू विकत घेणं तसं सोपं काम आहे. पैसे द्यावेत, वस्तू उचलावी, घरी यावं. अवघड असतं ते ती कुठून घेतली हे चारचौघांत सांगणं. कारण सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, मान एका बाजूला कलती करतो आणि हळहळून म्हणतो, "तिथून घेतलीत? अहो, मला विचारायचं तरी!" या वाक्याने आजवर जितकी माणसं खचली असतील, तितकी मंदीनेही खचली नसतील. (मंदीत निदान शेजारीही खचलेला असतो. तेवढाच आधार.)

या वाक्यापासून बचावाचा एकच मार्ग सुज्ञ समाजाला सापडला आहे, तो म्हणजे खरेदीपूर्वी सर्वांना विचारून ठेवणे. एका दंतवैद्यांनी हा मार्ग ज्या निष्ठेने धरला, तिला तोड नाही.

पन्नाशी उलटली की माणसाला काहीतरी होतंच. कुणी पहाटे पळायला लागतो, कुणी बासरी शिकून शेजाऱ्यांना छळतो. डॉक्टरांनी गाडी घेतली. लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी दिसणारी स्पोर्ट्स कार. आधीचा मालक एक कंत्राटदार होता. गाडी का विकताय, असं विचारल्यावर "आत बसता येतं, बाहेर येता येत नाही" असं त्याने पोटावर हात ठेवून प्रामाणिकपणे सांगितलं. इंजिन उत्तम, रंग उत्तम. फक्त चारही टायर म्हाताऱ्या हिरडीसारखे गुळगुळीत झालेले. (उपमा डॉक्टरांची.) ते बदलल्याशिवाय गाडी चौकापलीकडे नेऊ नका, असं कंत्राटदाराने बजावलं होतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की टायर कुठून घ्यायचे आणि कुठे बसवायचे. आठवडाभरात उरकतो, असं डॉक्टरांनी घरी जाहीर केलं.

घरी हे ऐकायला दोघी होत्या. एक पत्नी. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका असल्यामुळे "आठवडाभरात" या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक होता. दुसरी आत्या.

आत्याने डॉक्टरांना लहानाचं मोठं केलं होतं. सायकल शिकवताना पदर खोचून ती मागे धावली होती, आणि गुडघा फोडून घेतलेल्या सात वर्षांच्या डॉक्टरांनी तेव्हा रडत रडत शब्द दिला होता, की मी मोठा झालो की लाल गाडी घेईन आणि सगळ्यांत आधी तुला समुद्रावर नेईन. मुलं असं बोलतात आणि मोठेपणी विसरतात. डॉक्टर विसरले नव्हते. आत्यावर त्यांचा खरोखर जीव होता. चांगल्या टायरांशिवाय आत्याला गाडीत बसवायचं नाही, हा त्यांचा हट्ट त्या जीव लावण्यातूनच आलेला होता. हे इथेच नोंदवून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते विसरायला होईल.

गाडी आली तेव्हा आत्या ऐंशी ओलांडून पुढे गेलेली होती. तिने गाडीला एक फेरी मारली. "बाई गं, ही तर मांडी घालूनच बसलीय," ती म्हणाली, आणि न्हाणीघरातलं बुटकं स्टूल आणून तिने आपल्या खोलीच्या खिडकीशी ठेवलं. खिडकीतून गाडी दिसत असे. रोज सकाळी ती त्या स्टुलावर बसायची आणि उठायची, हाताचा आधार न घेता, दहा वेळा.

"सराव नको का? तू टायर आण बाळ्या, मी गुडघे तयार ठेवते."

डॉक्टर चौकशीला लागले. सुरुवात शेजारच्या निवृत्त अभियंत्यांपासून झाली, कारण ते फाटकातच उभे असत. (निवृत्त अभियंता हा कोणत्याही विषयाचा तज्ज्ञ असतो. ज्या विषयाचा तो तज्ज्ञ नाही, तो विषय अद्याप निघालेला नाही.) मग बँकेतले व्यवस्थापक, मग केस कापणारा, मग पत्नीच्या शाळेतले व्यायामाचे शिक्षक. महिनाभरात पुढील निष्कर्ष हाती आले.

एक, मोठ्या काचेच्या शोरूममध्ये टायर चांगले असतात, पण बसवणारी माणसं शिकाऊ असतात. दोन, चौकातल्या दुकानात बसवणारा मुरलेला असतो, पण टायर त्याच्याहून मुरलेले असतात. तीन, इंटरनेटवर मागवले तर ताजे मिळतात, फक्त ते दारात आणून टाकतात आणि पुढे आपण व आपलं नशीब. चार, वरील तिन्ही ठिकाणी कुणाच्या ना कुणाच्या मेहुण्याला फसवलेलं आहे. (फसतो तो नेहमी मेहुणाच. स्वतः फसलेला एकही माणूस या पाहणीत आढळला नाही.)

एवढ्याशा नमुन्यावर निर्णय घेणं शास्त्राला धरून झालं नसतं. सुदैवाने डॉक्टरांच्या दवाखान्यात माणसांचा तुटवडा नव्हता. रुग्ण खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, लाळ ओढणारी नळी, वर दिवा. अशा निवांत वेळी डॉक्टर विचारत, "शोरूमच्या टायरांबद्दल आपलं काय मत?"

"आँ," रुग्ण म्हणे.

"आणि चौकातला?"

"आँ आँ."

मदतनीस बाई मतं मोजत. शेकडा ब्याण्णव रुग्णांनी होकार दर्शवला. उरलेल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना तटस्थ धरण्यात आलं. प्रत्येक रुग्णाला निरोप देताना डॉक्टर न चुकता सांगत, "दुखणं अंगावर काढू नका. जे करायचं ते वेळेवर करावं, नाहीतर मग करण्यासारखं काही उरत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज फार छान लागत असे.

या पाहणीत एकच रुग्ण अडचणीचा निघाला. चांगला आडवातिडवा माणूस, खालच्या दाढेचं रूट कॅनल चाललेलं. टायरांचा विषय निघाला की तो अस्वस्थ व्हायचा, हात वर करून खिडकीकडे बोट दाखवायचा आणि तोंडातला कापूस सांभाळत काहीतरी सांगू बघायचा. डॉक्टर मनाचे कोवळे. "दुखतंय का? थांबा हं," असं म्हणून ते भुलीचं आणखी एक इंजेक्शन देत. मग त्याचा ओठ संध्याकाळपर्यंत लोंबत राही. खुर्चीत बसण्याआधी त्याने बोलावं, तर डॉक्टर येईपर्यंत मदतनीस बाईंनी कापूस भरलेला असे. त्या कामाला फार चोख होत्या.

दरम्यान प्रत्यक्ष भेटीही चालू होत्या. शोरूममध्ये डॉक्टरांना कॉफी मिळाली आणि टाय लावलेल्या सल्लागाराने अदबीने विचारलं, "सर, आपली गाडी चालवण्याची शैली कोणती?" आतापर्यंत गाडी फाटकापर्यंत जाऊन मागे आली होती, त्यामुळे शैली अजून ठरायची होती. सल्लागाराने ताशी तीनशे किलोमीटर वेगालाही न डगमगणारे टायर दाखवले. डॉक्टरांना ते पटले. घर ते दवाखाना या रस्त्यावर इतके गतिरोधक होते, की तिथे डॉक्टर आजवर सर्वांत वेगाने गेले ते पायीच, एकदा उशीर झाला म्हणून. पण टायरने तयार असावं, रस्त्याचं नंतर बघता येतं. ते होकार देणार, इतक्यात त्यांच्या कानात ते वाक्य वाजलं. "तिथून घेतलेत? अहो..." डॉक्टर कॉफी संपवून उठले. आणखी एकदोघांना विचारून येतो, म्हणाले.

चौकातल्या दुकानदाराने टायरला लाथ मारून पाहिली (ही या धंद्यातली नाडीपरीक्षा), मग गाडीखाली डोकावण्यासाठी पार आडवा झाला. "माझा जॅक हिच्या पोटाखाली जात नाही. तुम्ही गाडी थोडी उचलून आणा, मग पुढची मी उचलतो," त्याने मार्ग काढून दिला.

असे महिने गेले. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात, हे एकाने सांगितलं. टायरला जन्मतारीख असते आणि दुकानात पडून पडून तो म्हातारा होतो, हे दुसऱ्याने सांगितलं, आणि डॉक्टरांची झोप उडाली. आवडलेल्या टायरची तारीख पाहून ते नवीन मालाची वाट बघू लागले. नवीन माल आला तोवर चौकशी अपुरी होती. चौकशी पुरी होईतो तो माल जुना झाला.

खिडकीशी आत्याचा सराव चालूच होता. आता उठताना ती एक हात चौकटीला लावायची. मग दोन्ही लावू लागली. दहाचे पाच झाले.

"टायर कुठवर आले रे?"

"झालंच आत्या. आता फक्त आत साधी हवा भरावी की नायट्रोजन, तेवढं विचारायचंय."

"हवेचंसुद्धा विचारावं लागतं?" आत्याने नवलाने म्हटलं, आणि पुन्हा स्टुलावर बसली. या वेळी उठवायला मुख्याध्यापिकाबाईंना हात द्यावा लागला.

त्या रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, लग्नाच्या वेळी माझीसुद्धा इतकी चौकशी नव्हती केलीत तुम्ही."

"तेव्हा आत्या होती ना. तिने तुला एकदा पाहिलं आणि हो म्हणाली. संपलं."

"मग?" असं म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या. डॉक्टर भात कालवत होते. निवृत्त अभियंत्यांच्या मेहुण्याला उद्या फोन करायचा होता, त्यामुळे त्यांचं लक्ष नव्हतं.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. डॉक्टरांनी यातला पूर्वार्ध इतका मन लावून पाळला, की उत्तरार्धासाठी मन शिल्लकच राहिलं नाही. त्यांची सुटका झाली ती आडव्यातिडव्या रुग्णाच्या दाढेमुळे. दाढेवर टोपी बसली, कापूस निघाला, आणि कित्येक बैठकांनंतर त्या गृहस्थांचं तोंड प्रथमच मोकळं झालं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "माझं टायरचं दुकान आहे."

"कुठे?"

त्यांनी पुन्हा खिडकीकडे बोट दाखवलं. डॉक्टर वळले. इतकी वर्षं रुग्णांचं तोंड खिडकीकडे आणि डॉक्टरांची पाठ. त्यांचं येणं-जाणं मागच्या जिन्याने. समोर रस्त्यापलीकडे दोन दुकानं व्यापून पिवळी पाटी होती, आणि तिच्यावरचा "टायर" हा शब्द दाढ भरता भरताही वाचता आला असता.

"पण तुमच्याबद्दल मी अजून कुणाला विचारलं नाही," डॉक्टर चाचरत म्हणाले.

"मी तरी तुमच्याबद्दल कुणाला विचारलं होतं? दाढ ठणकत होती, समोर पाटी दिसली, जिना चढलो." ते ओठ चाचपत हसले. "इंजेक्शनं जरा जास्त झाली, एवढंच."

टायर मागवायला दोन दिवस लागले आणि बसवायला दीड तास. नायट्रोजनचा विषय निघाला नाही.

दुपारी डॉक्टर गाडी थेट दारात घेऊन आले. आत्या ठेवणीतली साडी नेसून, सुनेचा हात धरून खाली आली. डॉक्टरांनी दार उघडून धरलं. आत्याने एक हात गाडीच्या टपावर ठेवला, वाकली, आणि निम्म्यावर अडकली. गुडघे पुढे जाईनात. ती सरळ झाली, पदर खोचला आणि पुन्हा वाकली. मग थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "वर्षापूर्वी बसले असते." आणि दाराबाहेरच्या पायरीवर सावकाश टेकली.

डॉक्टर उघडं दार धरून तसेच उभे होते. काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्यांना शोरूम, जन्मतारीख आणि मेहुणे यांखेरीज काही आठवेना.

आत्यानेच विचारलं, "कुठून घेतलेस रे टायर?"

"दवाखान्यासमोर एक दुकान आहे, आत्या."

आत्या क्षणभर गप्प झाली. तिची मान एका बाजूला कलली.

"ती पिवळी पाटी? दवाखाना उघडलास त्या दिवशी खुर्चीत पहिली मला बसवलं होतंस ना, तेव्हाच वाचली होती मी." तिने त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवून घेतलं. "मला विचारायचं तरी, बाळ्या."

दोघं बराच वेळ पायरीवर बसून गाडीकडे बघत होते. टायर खरोखरच देखणे होते.

ही हकिकत छापण्यापूर्वी काही जाणत्या वाचकांकडून नजरेखालून घालून घेतली. सर्वांना ती आवडली, आणि सर्वांनी शंका विचारल्या त्या अशा: दुकान नेमकं कुठल्या रस्त्यावर, बसवायचे वेगळे पैसे घेतात का, आणि तिथे फसवत तर नाहीत ना. आत्याने पुढे समुद्र पाहिला का, आणि कशातून जाऊन पाहिला, हे कुणीच विचारलं नाही. त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

तुम्हालाही पत्ता हवा असणार. दुकान सोमवारी बंद असतं. मंगळवारी निघण्यापूर्वी आपल्या घरात कुणी खिडकीशी बुटकं स्टूल घेऊन बसलंय का, तेवढं पाहून घ्यावं. (त्याबाबत इतरत्र चौकशी करू नये.)