ढेबेमामांचा नंबर

धोंडू ढेबे दर गुरुवारी ठणठणीत प्रकृती घेऊन आमच्या सरकारी दवाखान्यात यायचे. वरच्या धनगरवाड्यापासून दीड तासाचा उतार, मग रांग. खिडकीत केसपेपर लिहायला मी.

"काय होतंय, मामा?"

"काय न्हाई. लिवा."

"काहीतरी लिहावं लागतं."

"मग गुडघा लिवा. उजवा. मागल्या येळी डावा झाला."

आमच्या वेल्ह्याकडं वस्ती विरळ, पेशंट कमी. तपासणीला आलेले एक साहेब, एवढ्याशा लोकांना दवाखाना कशाला, असं बोलून गेले होते. ते मामांच्या कानावर पडलं. तेव्हापासून रजिस्टरात आपलं नाव पडलंच पाहिजे, हा त्यांचा नेम झाला. गोळ्या दिल्या तर परत करत. "आजारी मान्साला द्या. मला निस्ता नंबर पायजे."

मग विम्याच्या कार्डांचं शिबिर आलं. हप्ता सरकार भरणार, पुण्याच्या खाजगी दवाखान्यात ऑपरेशन फुकट. शाळेत मंडप पडला आणि आमची सगळ्यांची ड्युटी तिकडं लागली, डॉक्टरीणबाईंचीसुद्धा. दवाखान्याचं कुलूप बघून मामा तडक मंडपात आले.

"या मामा, अंगठा लावा," शिबिराचे साहेब म्हणाले.

"कार्ड पुण्यात चालतं. इचू डोंगरात चावतो. त्येचं काय?"

"त्यासाठी गावात दवाखाना आहे की."

"हाय की. कुलूप बघूनच आलोय. खाजगीवाल्याला द्यायला सरकारकडं पैका हाय, मग हितं दुसरा डाक्टर का न्हाई?"

"ते वरून ठरतं, मामा."

"मग वर कळवा, ढेब्यानं अंगठा दिला न्हाई."

आणि मामांनी मंडपातच बैठक मारली. केसपेपर मिळाल्याबिगर उठणार नाही म्हणाले. शेवटी डॉक्टरीणबाई उठल्या, माझ्याकडून किल्ली घेतली आणि दवाखाना उघडायला गेल्या.

दिवस कलला, आम्ही मंडप आवरत होतो, तेव्हा मामा पुन्हा हजर. या वेळी भावकीतले तिघं सोबत आणि घोंगडीच्या झोळीत त्यांची बहीण. बायजाबाई विधवा, भावाकडंच राहायची. खुबा झिजून कित्येक महिने अंथरुणावर होती. मामांनी तिचा अंगठा स्वतः धरून मशीनवर टेकवला.

साहेब हसले. "पटलं ना आता? तुमचंही करून टाकू."

"हिचं आपरेशन हितं व्हईत न्हाई, म्हणून हिचं घेतलं. माझं न्हाई. समदीच तिकडं गेली तर हितं कुलूपच ऱ्हाईल."

बायजाबाईला दुसऱ्या बहिणीच्या लेकीनं, मामांच्या भाचीनं, पुण्याला नेलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन नीट झालं. शेरडं सोडून मामांना जाता येईना. ती गेल्यावर दोनच दिवसांनी ते खिडकीशी आले. वार मंगळवार. केसपेपर मागितला नाही, भाचीला मोबाईल लावून द्या म्हणाले.

"बायजे, व्हय, म्या झ्याक हाय. भाकरी? करतोय की. लई गोल व्हत्यात. तू दमानं पाय टाक."

मोबाईल धोतराला पुसून त्यांनी मला परत दिला आणि बाकावर टेकले.

"भाऊसायेब, डब्यात काय हाय तुमच्या?"

"का हो मामा?"

"दोन दिस चूल पेटवली न्हाई. एकल्यासाठी काय पेटवायची."

मी डबा पुढं ठेवला. ते मान खाली घालून जेवले. डबा नळावर स्वच्छ धुऊन आणला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या बी फोन लावाल का? तिला तिकडं करमत नसंल."