डावा गुडघा आणि आगाऊ अभिनंदन

"मुंबईची फुल मॅरेथॉन? त्यात काय! शिळफाट्यावरून निघायचं, पनवेलला चहा घ्यायचा आणि थोडं पुढं जायचं. संपली मॅरेथॉन!"

राकेशच्या मुलीच्या वाढदिवसाला, हातात केकची बशी घेऊन रत्नदीपने हे जाहीर केलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. कारण हे वाक्य तो बायकोसमोर बोलला असता तर चाललं असतं, आईसमोर बोलला असता तरी चाललं असतं. पण ते ऐकलं राकेशने!

रत्नदीप खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. चाळिशी ओलांडल्यावर त्याला पळायचं वेड लागलं होतं, आणि पळायचं वेड लागलेला माणूस जेवढं पळतो त्याच्या दुप्पट बोलतो. राकेश हा त्याचा मावसभाऊ. याला वेड फ्लेक्सचं. शेजाऱ्याच्या म्हशीला रेडकू झालं तरी हा फ्लेक्स लावणार, आणि त्यात म्हशीपेक्षा स्वतःचा फोटो मोठा टाकणार!

वाढदिवसाला आठवडा झाला नसेल, तोच खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या चौकात भलामोठा फ्लेक्स झळकला. 'मुंबई मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल आमचे मार्गदर्शक रत्नदीपदादा यांचे हार्दिक अभिनंदन!' चेहरा रत्नदीपचा, डोळ्यांवर काळा गॉगल. मानेखालचं धड मात्र भलत्याच कुणा धावपटूचं. त्या धडाला पोट नव्हतं, एवढ्यावरूनच गावाने ओळखलं.

"अरे गाढवा," रत्नदीप ओरडला, "मॅरेथॉन जानेवारीत हाय! अजून मी पळलो कुठं?"

"पळशीलच की दादा," राकेश शांतपणे म्हणाला. "निवडणुका लागल्या की प्रिंटवाला भेटत नाय. मी आपला आधीच उरकून घेतला."

आणि फ्लेक्स लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नदीपचा डावा गुडघा दुखायला लागला!

आधी जिना चढताना दुखला, मग उतरताना. मग तर रत्नदीप खेकड्यासारखा आडवा होऊन जिना उतरायला लागला. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, "महिनाभर पळणं बंद." रत्नदीपने घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हलकंहलकं पळा."

पण घरी दर्शना होती. दर्शना अंगणवाडीत शिकवायची. पोट दुखतंय म्हणून रडणाऱ्या पोराचं पोट खरंच दुखतंय की त्याला खिचडी नकोय, हे तिला दारातूनच कळायचं. तिच्यापुढे नवऱ्याचं काय चालणार!

"डिसेंबरात कर्जत ते शिळफाटा हाफ मॅरेथॉन हाय ना?" ती म्हणाली. "ती पळून दाखवा. मी स्कूटीवरून मागंपुढं राहीन. सरळ पळलात तर खुशाल जा मुंबईला. लंगडताना दिसलात की मुंबई बंद!"

"अगं, पण फ्लेक्स…"

"फ्लेक्स राकेशभाऊजींचा हाय. गुडघा माझ्या नवऱ्याचा हाय."

मुंबईला गेलो नाही तर चौकातून तोंड दाखवत कसं जायचं, या विचाराने रत्नदीपची झोप उडाली. तोंड तर चौकात आधीच दाखवून झालं होतं, तेही गॉगल लावून!

त्याने राकेशला पकडलं. "तुझ्यामुळं झालंय, आता तूच निस्तर. तू मोटारसायकलवर राहा. दर्शनाची स्कूटी माझ्याजवळ यायला लागली की तीनदा हॉर्न मार. मी सरळ पळंन. ती गेली की लंगडंन."

"एकदम भारी!" राकेश म्हणाला. राकेशला एखादी गोष्ट भारी वाटली की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

तो रविवार उजाडला. कर्जतला कडाक्याची थंडी होती. एकवीस किलोमीटर, पळसदरीकडून वळसे घेत शिळफाट्याला शेवट. रस्त्याची एक बाजू पळणाऱ्यांना, दुसरी गाड्यांना. रत्नदीप निघाला तो जरा लंगडतच. दर्शना मागे कुठेतरी होती. तेवढ्यात पीं! पीं! पीं!

रत्नदीप ताठ झाला. छाती पुढे, गुडघा वर, तोंडावर हसू. बाजूने गेला तो कोंबड्यांचा टेंपो!

त्याने हुश्श केलं, लंगडायला सुरुवात केली. पीं! पीं! पीं! परत ताठ. आता होती मुंबईहून फार्महाऊसला निघालेली एक मोठी गाडी, आणि खिडकीतून बाहेर आलेला एक कुत्रा. रत्नदीप त्या कुत्र्याकडे बघून हसला.

मंडळी, रविवारी सकाळी कर्जतच्या रस्त्यावर हॉर्न ही काय खूण झाली? तिथे माणसं हॉर्नवरच गाडी चालवतात! लग्नाच्या गाड्या, सहलीच्या बस, दुधवाले, सगळे पीं पीं पीं! रत्नदीपला लंगडायला म्हणून जागाच मिळेना. उभ्या आयुष्यात तो इतका सुंदर पळाला नव्हता. पाठ सरळ, पावलं मोजूनमापून, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! प्यायला पाणी देणाऱ्या पोरी म्हणाल्या, "काका किती इमोशनल झालेत!"

खरी दर्शना आली तेव्हा मात्र राकेश चहाच्या टपरीवर होता. पण त्या वेळी मागून एक ट्रक हॉर्न देत होता, म्हणून रत्नदीप वाचला. दर्शनाने स्कूटी शेजारी घेतली, गुडघ्याकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं.

"बरं वाटतंय?"

"मस्त!"

"मग रडताय कशाला?"

"वारा लागतोय गं डोळ्याला!"

"बरं," म्हणून ती पुढे निघून गेली. तिचं हे 'बरं' रत्नदीपला चांगलंच ओळखीचं होतं.

अर्ध्याहून जास्त अंतर संपलं, गुडघ्याचा पार भोपळा झाला आणि समोर रत्नदीपच्या मामाचं गाव आलं. गावाच्या वेशीवर चक्क मांडव! खुर्च्या, माईक, हारांची पाटी, बाजूला बेंजोचा टेंपो. पहिल्या रांगेत त्याची आई भीमाबाई, नवी साडी नेसून. आणि मधोमध सहदेवमामा, हातात शाल घेऊन.

"जयभीम भाच्या! थांब!"

"मामा, मी पळतोय!"

"पळलास की! आमी शिळफाट्याला फ्लेक्स वाचला. एवढी मोठी मुंबईची मॅरेथॉन मारलीस आन् मामाला सांगितलं पन नाय! हे आता परतीचं पळनं का?"

रत्नदीपने आईकडे पाहिलं. भीमाबाई अभिमानाने म्हणाली, "मीच सांगितलं रं मामाला, रविवारी माझा रत्ना दारावरून जानार हाय म्हनून."

आता मामाच्या हातची शाल कोण नाकारणार? सत्काराला बोलावलेल्या पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, तेव्हा सत्कार लगेच उरकायचा होता. त्याला धरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, गळ्यात हार, मांडीवर नारळ. समोरून बाकीचे पळणारे निघून चालले होते, आणि मामा माईकवर रत्नदीपच्या लहानपणापासून सुरू झाला होता. भाचा आंब्याच्या झाडावरून पडला त्या प्रसंगापर्यंत मामा आला, तेव्हा रत्नदीपच्या लक्षात आलं की गुडघा आता वाकतही नाही आणि सरळही होत नाही!

तेवढ्यात दर्शना आली. स्कूटी लावली, सासूच्या शेजारी बसली आणि नजर थेट गुडघ्यावर रोखली.

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील," मामा म्हणाला.

रत्नदीपने माईकचा दांडा धरला आणि त्याला लोंबकळत, इंचाइंचाने वर आला.

"बघा, एवढं यश मिळालं, पन जरा घाई नाय!" मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

दोन शब्दांचं काम होतं. पण बोलणं संपलं की चालावं लागणार, म्हणून रत्नदीप थांबेचना! एका पायावर उभं राहून त्याने शिक्षण, आरोग्य, रस्ते, पाणी सगळं घेतलं. पाहुणे घड्याळ बघू लागले. भीमाबाईला डुलकी लागली. दर्शना तेवढी हनुवटीवर हात ठेवून मन लावून ऐकत होती.

शेवटी मोटारसायकलवरून मागोमाग आलेल्या राकेशलाच दया आली. त्याने बेंजोवाल्याला खूण केली. बेंजोवाल्यांची खोपोलीला दुपारी हळद होती, त्यांना तसंही तिकडेच जायचं होतं. त्यांनी एकदम असा ठेका धरला की खुर्च्यासुद्धा हलायला लागल्या. रत्नदीपने नाइलाजाने पाऊल उचललं. उजवा पाय ठण्णकन पडला, डावा घसटत आला, आणि तो बरोब्बर ठेक्यावर पडला!

पोरांनी शिट्ट्या मारल्या. रत्नदीपच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लंगडं पाऊल तालात पडलं की त्याला नाच म्हणतात! त्याने नारळ बगलेत मारला, शाल कमरेला गुंडाळली, एक हात हवेत उडवला आणि मांडवातून रस्त्यावर नाचत निघाला. उजवा ठण्ण, डावा घस्स! उजवा ठण्ण, डावा घस्स! टेंपो त्याच्या मागे, मामा टेंपोच्या मागे.

दर्शना स्कूटीवरून बाजूने चालली होती. पहिल्यांदाच तिच्या कपाळावर आठी पडली. हे लंगडणं म्हणावं की नाच? अंगणवाडीत असा प्रसंग कधी आला नव्हता!

वाटेत मुंबईच्या ऑफिसवाल्यांचा दमून बसलेला घोळका भेटला. फेटा, बेंजो बघून ते ताडकन उठले. "सर, हा इथला पारंपरिक डान्स आहे का?"

"हो हो! खालापुरी!" रत्नदीपने तालुक्याच्या नावावरून ठोकून दिलं.

मग काय विचारता! ते सगळे मोबाईल वर धरून खालापुरी नाचायला लागले. "अहो मॅडम, डावा पाय घासा, डावा!" मोटारसायकल मांडवातच सोडून टेंपोवर चढलेला राकेश शिकवत होता. पुढची माणसं थांबून बघत होती आणि घोळक्यात शिरत होती. शिळफाटा येईपर्यंत सगळा रस्ता डाव्या पायाने लंगडत चालला होता! रत्नदीप तर गुडघा, मुंबई, बायको सगळं विसरला. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्याला वाटलं, असंच नाचत मुंबईलाही जाता येईल की!

समोर शेवटची रेघ दिसली. तिच्या वर त्याचाच फ्लेक्स. गॉगलमधून तो स्वतःकडे बघत होता. दर्शना पुढे येऊन रेघेपलीकडे उभी होती. अंतर राहिलं होतं एका अंगणाएवढं.

आणि टेंपोवरचा जनरेटर फुर्रर्र करून बंद पडला.

बेंजो थांबला. घोळका थांबला. मुंबईवाले घाम पुसायला लागले. सगळ्या चौकात शांतता, आणि त्या शांततेत फक्त एकच आवाज. उजवा ठण्ण, डावा घस्स. उजवा ठण्ण, डावा घस्स.

"अहो," दर्शनाने विचारलं, "गाणं कुठाय?"

"मनात चालू हाय!" एक हात हवेत तसाच ठेवून रत्नदीप म्हणाला.

"मग जरा थांबा की."

रत्नदीपचा चेहरा कोमेजला. "थांबलो तर पडंन गं दर्शना."

चौक खदखदून हसला. दर्शनाही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती रेघ ओलांडून इकडे आली, त्याच्या बगलेतला नारळ काढून राकेशच्या हातात कोंबला आणि त्या जागी स्वतःचा खांदा दिला. "चला. टाका पाय. माझ्यावर टाका सगळा भार."

दोघांनी मिळून रेघ पार केली. टाळ्या, शिट्ट्या! रत्नदीपने तेवढ्यात हळूच विचारलं, "मुंबई?"

"बंद."

"पण शेवटी जनरेटर बंद पडला म्हणून कळलं. नायतर…"

"अहो, मला कर्जतलाच कळलं होतं. कोंबड्यांच्या टेंपोला बघून कोण हसतं?"

जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार आला. मुंबईत हजारो लोक पळत होते आणि रत्नदीप अंगणात, डावा पाय स्टुलावर, गुडघ्याला हळदीचा लेप लावून खुर्चीत बसला होता. गिरणीत न्यायचा भात भीमाबाईने उन्हात वाळवायला काढला होता. खाली अंथरायला काहीतरी मोठं हवं होतं, म्हणून दर्शनाने चौकातला फ्लेक्स उतरवून आणला होता. राकेशने खूप विनवण्या केल्या, तेव्हा 'हार्दिक अभिनंदन' आणि गॉगलवाला चेहरा एवढं भाताबाहेर ठेवायचं ठरलं. राकेशचा स्वतःचा फोटो मात्र भाताखाली गेला.

"कोंबड्या आल्या की हाकला," दर्शना आतून म्हणाली. "आणि उठू नका! बसल्या जागी टाळ्या वाजवा."

एक तांबडी कोंबडी ऐटीत आली, बरोब्बर गॉगलवर उभी राहिली आणि भात टिपायला लागली. मागून तिच्या चारपाच मैत्रिणी. रत्नदीपने जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

कुंपणापलीकडून जाणाऱ्या शेजारच्या विमलबाई थबकल्या. फ्लेक्सकडे पाहिलं, फ्लेक्ससमोर बसून टाळ्या वाजवणाऱ्या रत्नदीपकडे पाहिलं.

"काय रं रत्ना, सोताच सोताचं अभिनंदन करतोस व्हय?"

रत्नदीप टाळ्या वाजवतच राहिला. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या फ्लेक्सवरून पळाल्या, त्या फक्त कोंबड्याच!