रायभानकाकांनी पळवून बघितलेला लॅपटॉप

११ मे, शनिवार. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि मी ड्रम भरत होते. शेजारचे रायभानकाका पाणी चढवायच्या माझ्या नव्या मोटारीच्या पाठीवर पंजा ठेवून उभे. "अंग तापलंय हिचं," म्हणाले. "घेताना पळवून बघितली व्हती का?"

पळवून बघितल्याशिवाय काका काहीच पास करत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या मुलीला बघायला मुलगा आला, तर त्याला गच्चीवरची टाकी बघायला म्हणून चार जिने चढवले. तो खाली आल्यावर सगळ्यांसमोर निकाल दिला, "धाप लागती." स्थळ मोडलं. ती मुलगी अजून काकांना दर सणाला पुरणपोळी आणून देते.

काका पिशोरकडचे मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरं चारत चारत इथपर्यंत यायचे. आज आमच्या बिल्डिंगचं पार्किंग आहे, तिथं तेव्हा ओढा होता. माझी स्कूटर जिथं लागते त्या जागेला ते अजून पाणवठा म्हणतात. मग एका दुष्काळात त्यांनी मेंढरं विकली आणि मुलाकडे राहायला आले. "इकली," एवढंच सांगतात. कुणाला, कशी, ते कधी सांगत नाहीत.

त्या दिवशी मला औरंगपुऱ्यात जायचं होतं. माझ्या मुलीला, सायलीला, इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप हवा होता. कारण प्रोजेक्टचं सांगितलं होतं, पण तिच्या यादीत 'गेमिंग' हा शब्द चार वेळा होता. पैसे होते ते गच्चीवर दुसरी टाकी बसवायला ठेवलेले. लॅपटॉप फसला, तर टाकीही नाही आणि लॅपटॉपही नाही.

"म्या येतो," काका म्हणाले. "जनावर घ्यायला एकटीनं जाऊ नये."

"काका, लॅपटॉप आहे."

"तेच ते. त्याला बी बोलता येत नाय, म्हणून इकणारा फसवतो."

दुकानात आमच्या पैशांत बसणारे दोन निघाले. एक चकचकीत, बटणांखाली रंगीत दिवे. दुसरा काळा, जाडजूड, वजनदार. सायलीनं दिव्यांवर बोट ठेवलं.

"लाइटिंग कशापायी? वरातीला चाललाय का ह्यो?" काकांनी दोन्ही लॅपटॉप उचलून पाहिले, उघडमीट करून जबडे तपासले. दुकानदार जावेदभाईंना विचारलं, "खेळताना पळतो का?"

"दौडता चचा, एकदम दौडता!"

"मंग पळव. दोन्ही. अर्धा घंटा."

"चचा, ये लॅपटॉप है, बकरा नै!"

"बकऱ्याला धा मिंटं पुरत्यात."

जावेदभाई हसले आणि दोन्हींवर एकच खेळ लावला. डोंगर, कुरण, घोडेस्वार. काका दोन्हींच्या मध्ये बसले आणि बाजूच्या गरम हवा सोडणाऱ्या फटींशी बोटं धरून राहिले. जनावराचा ताप आधी कानाला कळतो म्हणे. गिऱ्हाइकं येत होती, बघून जात होती. मी दुसरीकडे बघत होते.

वीस मिनिटांनी चकचकीत लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागला आणि त्याचा घोडा अडखळत चालू लागला. काळ्याचा घोडा पहिल्यासारखाच पळत होता.

"कान गरम हायती, पण दम हाय," काकांनी काळ्याच्या पाठीवर थाप मारली. "ह्यो घ्या."

"बरोबर बोले चचा," जावेदभाईंनी मान डोलावली. सायलीनं दिव्यांकडे एकदा बघून घेतलं. मी पिशवीतून पैसे काढले.

काका मात्र उठेनात.

"सायले, घोडं थांबव. गवत दाखव."

तिनं घोडा थांबवला. गुडघाभर गवत, पातं न् पातं हलत होतं.

"वारा बी हाय," काका पुटपुटले. "एवढं गवत, मंग पाणी असलंच. खालच्या अंगाला चल."

"काका, सगळं खोटं आहे ते."

"व्हय गं. चल तू."

ती उताराला लागली आणि खरंच ओढा निघाला. काका पडद्याकडे वाकले. त्यांनी ओठ दुमडून एक लांब, हलकी शीळ घातली. दुकानातली दोन पोरं फिस्सकन हसली. काकांना ऐकू गेलं नाही. शीळ घालून ते थांबले आणि मागं वळून बघितलं, काही यायचं असावं तसं. मागं प्रिंटरची खोकी होती.

"मेंढरं पाण्यावर बोलवायची शीळ हाय ही," ते मला म्हणाले. "शेवटल्या साली घालायचीच बंद केली. पाणी नसताना बोलवलं आन ती आली म्हंजे?"

रिक्षात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. घरापर्यंत तो खाली ठेवला नाही.

सकाळी मी सायलीला उठवलं. "आई, रविवार आहे!"

"माहीत आहे. तो खेळ उघडून दे, ओढ्यापाशी."

लॅपटॉप काकांच्या टेबलावर नेऊन ठेवला, वायर जोडली. सायलीनं जांभया देत बटणं दाखवली. काकांनी आधी घोड्यावरून उतरायचं कसं ते विचारलं.

"पायीच बरं," म्हणाले.

मी दार लोटून घेतलं आणि ड्रमांना फडकी बांधायला गेले. चौथ्या ड्रमाशी होते तेव्हा भिंतीपलीकडून शीळ आली.