रकाना सत्तावीस

"माझ्या पोर्टलमधून मुंगीसुद्धा वशिल्यानं आत शिरणार नाही!" विमा कंपनीच्या चंदीगड ऑफिसात पुरवठादारांचं खातं सांभाळणाऱ्या लक्ष्मीकांतने सोमवारी टेबलावर हात आपटून सांगितलं. पाणीवाल्यापासून एसीवाल्यापर्यंत सगळ्यांना आता त्या पोर्टलवर बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा होता.

मंगळवारीच पहिला लाल शेरा पडला. नियम तपासणारी ऋचा लॅपटॉप घेऊन आली.

"सर, एसीवाले हरजिंदर सिंग. रकाना सत्तावीस, कंपनीत कोणी नातेवाईक? त्यांनी लिहिलंय, 'हां जी. लक्ष्मीकांत जी, मेरे जीजा जी.'"

लक्ष्मीकांतला ठसका लागला. त्याची बायको वंदना एकुलती एक. नागपूरहून बदली होऊन आल्यापासून सहा वर्षं ती हरजिंदरला राखी बांधत होती.

"अगं, मानलेला भाऊ आहे तो!"

"मानलेला असा पर्यायच नाहीये, सर. एक तर नातं आहे, नाही तर नाही. आणि असलं तर त्यांचं काम बंद."

काम वाचवायचं म्हणून लक्ष्मीकांतने कागद तयार केला, 'आमचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.' हरजिंदरने तो दोनदा वाचला.

"कुछ भी नहीं, जीजा जी? बिलकुल?"

"सिर्फ कागज पे, यार."

"आप कहते हो तो पक्का." त्याने सही केली आणि चहा न घेताच निघून गेला. असं सहा वर्षांत झालं नव्हतं. लक्ष्मीकांतने घरी वंदनाला काहीच सांगितलं नाही.

गुरुवारी ऋचा पुन्हा आली. "सर, हरजिंदर यादीतून गेले."

"आता काय झालं?"

"प्रत्येक पुरवठादाराला ओळखणारा आपला एक कर्मचारी लागतो. तुम्ही तर लिहून दिलंत, संबंध नाही. पोर्टलनं त्यांना अनोळखी ठरवून काढून टाकलं."

शुक्रवारी, ऐन जूनच्या उन्हात, सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. पंचकुल्याचा नवा एसीवाला अजून एकोणिसाव्या प्रश्नावर अडकला होता. लक्ष्मीकांतने लाज गिळून फोन लावला.

"नाराज हो?"

"हूँ जी. पर मशीन का क्या कसूर?"

मागचा जिना हरजिंदरला पाठ होता. अर्ध्या तासात तो शिडीवर होता आणि त्यानंतर पाच मिनिटांत गार्डच्या ताब्यात. सर्व्हर रूममध्ये अनोळखी इसम! लक्ष्मीकांत धावत खाली आला.

"सर, आप इनको जानते हो?" गार्डने विचारलं.

हरजिंदर हातातल्या पान्याकडे बघत राहिला. जीजाजींकडे त्याने पाहिलंच नाही. लक्ष्मीकांतला ते सहन झालं नाही.

"साला है मेरा!" तो ओरडला. "सगा!"

हरजिंदरने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. गार्डने ते वाक्य वेळेसकट रजिस्टरमध्ये लिहिलं. रजिस्टरची कॉपी ऋचाकडे गेली, तिच्या फाईलमध्ये 'काहीही संबंध नाही'चा कागद होताच. चार वाजता लक्ष्मीकांतचं कार्ड गेटवर चालेनासं झालं.