खिडकीतला खोटारडा

सासरे न्यूमोनियातून उठून जेमतेम महिना झाला होता. "गार वारा अजिबात लागू देऊ नका," असं डॉक्टरांनी बजावलं आणि जावईबापूंच्या अंगात ऑफिस संचारलं. ऑफिसात त्यांचं कामच ते. बिनतारी सेन्सरांच्या जाळ्यात कोणता सेन्सर खोटं बोलतोय ते हुडकायचं आणि त्याला वाळीत टाकायचं. त्यांनी लगेच सासऱ्यांच्या खोलीत तापमान मोजणारे तीन सेन्सर बसवून आपल्या फोनला जोडले. (एक थर्मामीटर पुरला असता. पण मग इंजिनिअर जावई केला कशाला?)

झालं, ते रस्ताभर फोनवर आकडे बघत येऊ लागले आणि रोज संध्याकाळी घरी पोचता पोचता फोन ओरडू लागला. खिडकीतला सेन्सर म्हणे, खोली गार पडली. कपाटावरचा आणि पलंगाखालचा म्हणत, मस्त ऊब आहे.

"दोघं एक सांगतात, हा वेगळंच. म्हणजे हाच खोटारडा," जावईबापूंनी बायकोला समजावलं. "बाहेरून कुणीतरी फितवलंय त्याला."

"अहो, बाबांची खोली गार दाखवून कुणाला काय मिळणार आहे?" ती म्हणाली. "आणि मग त्यांचा खोकला का वाढलाय?"

सासरे भिंतीकडे बघत राहिले.

सेन्सर बदलला. नवाही तसलाच निघाला. आता मात्र जावईबापू हट्टाला पेटले. ऑफिसातून निघाले की फोनवरून नजर हटेना.

अशाच एका संध्याकाळी ते घरासमोरचा रस्ता ओलांडत असताना फोन ओरडला, पाठोपाठ ब्रेकही. पाववाल्याची व्हॅन हातभर अंतरावर थांबली होती. त्यांनी वर बघितलं, तर खिडकी सताड उघडी, आणि मफलर गुंडाळलेले सासरे कमरेपर्यंत बाहेर वाकून पाववाल्याला हात दाखवत होते.

जावईबापू धापा टाकत वर पोचले. "बाबा, खिडकी कशाला उघडलीत?"

"तुम्ही रोज फोनमध्ये डोकं घालून येता. गाड्या कोण थांबवणार?" सासरे खोकत म्हणाले. "तुम्हाला काही झालं तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

बायकोने आधी बाबांच्या अंगावर शाल ओढली, मग नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला. जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी फोन खिशात आणि खिडकी बंद. (सासरे काचेआड हजर.) जावईबापूंनी दोन्हीकडे नीट बघून ऐटीत पाऊल टाकलं. तरी पाववाला आपणहून थांबला, मागची बसही थांबली. पाववाल्याने डोकं बाहेर काढून वर हाक दिली, "आजोबा, तुमच्या पोराला सोडलं हो पलीकडे."