शेठची गच्ची

आमचे शेजारी सुर्वेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटांनी ठोकून बघतात. आपण पाण्याचा ग्लास घेऊन येईपर्यंत निकाल तयार असतो. "प्लास्टर पोकळ आहे, ताई. आधी मजबुती बघायची, मग रंग." आम्ही पेणकरपाड्याला राहायला आलो त्याच संध्याकाळी त्यांनी माझं अख्खं घर नापास केलं. चहा मात्र दोनदा घेतला.

काका जन्मभर बांधकामावर सुपरवायझर होते. मीरा रोडच्या निम्म्या इमारती आपल्याच देखरेखीखाली उभ्या राहिल्या, असं ते सांगतात. त्या एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की समोरच्यांच्या फोडणीला आम्ही शिंकतो. ऊन आमच्या मजल्यावर येतच नाही. माणसांचं त्यावाचून अडलं नाही, अडलं ते कासवाचं.

हे कासव काकांच्या मुलीचं. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि कासव काचेच्या टाकीसकट काकांकडे राहिलं. दिवसभर काम नाही, खाणं वेळेवर आणि चेहऱ्यावर कायम नाराजी, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं 'शेठ'. गेल्या हिवाळ्यात शेठनी खाणं सोडलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, "कवच मऊ पडतंय. पाण्याबाहेर येऊन अंग सुकवायला कोरडी जागा हवी, वर खास दिवा हवा. नाहीतर हा टिकणार नाही."

काकांनी घरी येताच मोजायची टेप काढली. "गच्ची बांधून देतो शेठला!"

पहिली गच्ची विटांची. ती इतकी मजबूत झाली की टाकीचा तळ तडकेल म्हणून मीच विटा काढायला लावल्या. दुसरी बाथरूमच्या उरलेल्या टाइलची, चकचकीत. शेठ अर्ध्यापर्यंत चढले आणि घसरून पाण्यात.

"काका, ही घसरगुंडी झाली. पाय रोवायला खरखरीत काहीतरी लावा."

"ताई, तुम्ही साईटवर हव्या होतात."

"मी बँकेत आहे, तेवढं पुरे."

तिसरी गच्ची फळीची. तिच्यावर प्लास्टिकचं गवत बांधलेलं, पुढे पाण्यात उतरणारा रॅम्प. दिवा आणायला मीही सोबत गेले. दुकानदारानं विचारलं, "अंकल, रूम कितना बड़ा है?" काका छाती काढून म्हणाले, "रूम नहीं, टेरेस है."

दिवा लागला. काका टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. "शेठ, पझेशन घ्या! उतार एकदम इझी ठेवलाय. हां, उजवा पाय टाका..." शेठ ढिम्म. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा उलटला तरी गवत कोरडं आणि कवच मऊ. काकांची बडबड हळूहळू आटली.

रविवारी मी भाजी घेऊन वर आले, तर काका बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर बसलेले, घराचं दार जेमतेम लोटलेलं.

"किल्ली विसरलात की काय?"

"हळू बोला. त्या दिवशी घसरल्यापासून समोर कोणी असलं की तो चढत नाही."

"म्हणून स्वतःच्या घराबाहेर बसलाय?"

"सवय आहे, ताई. हिला अर्धांगाचा झटका आला, मग वॉकर घेऊन चालायचा सराव करायचा होता. धडपडताना मी बघितलेलं तिला खपायचं नाही. मग मी इथंच बसायचो. वॉकर सरकल्याचा आवाज आला की समजायचं, चालतेय. थांबला की वाटायचं, आत जावं. पण नाही जायचं."

काकूंना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मेथी निवडायला घेतली. काकांनीही एक जुडी ओढली.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. डुबुक्.

"पडला वाटतं," मी म्हटलं.

काका उठले, दाराच्या फटीतून डोकावले आणि मला हातानंच बोलावलं. शेठ पाण्यात होते. पण वर, दिव्याच्या बरोबर खाली, गवतावर कासवाएवढी ओली जागा होती.

काकांनी दार अलगद ओढून घेतलं.

"बसा खाली," ते कुजबुजले. "आता परत चढेल."