भर दुपारची बेबीआत्या

आमच्या गावात यम रेड्यावर बसून येत नाही. तो बॅटरीच्या स्कूटरवर येतो, दुपारी दीडच्या सुमारास, पायापाशी झेंडूचा क्रेट आणि मागे शेवंतीचा. त्याला आम्ही बेबीआत्या म्हणतो.

मी मोर्शीकडचा. अमरावतीत, राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे आकड्यांत खोटं बोलायची सोय राहिलेली नाही. ती हौस मी इतरत्र भागवतो. पण बेबीआत्याच्या बाबतीत वाढवून सांगायला फारशी जागाच नाही.

भुतं रात्री फिरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वऱ्हाडातली मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. आमच्याकडची भुतं दुपारीच कामं उरकतात. बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. डांबर चपलेला धरून ठेवतं. कावळा चोच उघडी टाकून नळाच्या तोटीवर बसलेला असतो आणि घराघरातून नुसती कूलरची घरघर. अशा वेळी रस्त्याच्या टोकाला उन्हाची झळ हलते, आणि त्या झळेतून, जमिनीच्या वीतभर वरून, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेली एक बाई तरंगत येते. आवाज म्हणून नाही. पायात जोडवी नाहीत, हातात बांगडी नाही, स्कूटरला इंजिन नाही. ती एखाद्या दारासमोर थांबते. दुपट्ट्याच्या फटीतले दोन डोळे त्या घराकडे बराच वेळ पाहतात. मग ती तशीच तरंगत निघून जाते.

पंधरा दिवसांत त्या घरातून तिरडी निघते.

हा योगायोग एकदा झाला, दोनदा झाला. सातव्या वेळी लोकांनी त्याला योगायोग म्हणणं सोडलं.

बेबीआत्या गावाची लेक, म्हणून सगळ्या गावाची आत्या. अकोल्याकडे दिली होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती परत आली. भावाच्या वावराच्या एका कोपऱ्यात तिने फुलं लावली आणि दारोदार विकायला सुरुवात केली. पुढे डोक्यात एकच गोष्ट बसली: नवरा गेला की बायकोच्या बांगड्या फोडायच्या आणि कुंकू पुसायचं, हे गावातून घालवायचं. ग्रामसभेत तिने ठराव मांडला. माणसांनी टाळ्या वाजवून मंजूर केला आणि घरी जाऊन विसरली. पुढच्याच मयतीला बांगड्या फुटल्या.

"ठराव गावाचा आहे बेबी," आमचे मोठेबाबा म्हणाले, "बांगड्या घरच्या असतात."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. संत्र्याची बाग, पांढऱ्या मिशा, आणि त्या मिशांच्या खालून निघेल तो कायदा. आत्याला ते बोलणं झोंबलं. तिने बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि घरोघरच्या पुरुषांकडे जाऊ लागली. पानावर एकच मजकूर: "माझ्यामागे माझ्या बायकोच्या बांगड्या फोडू नये, कुंकू पुसू नये." खाली सहीची जागा.

आणि तोंडाने म्हणायची, "सही दे दादा, मंग खुशाल मर."

आता तुम्हीच सांगा, कोण देईल? एक जण ती दिसली की संत्र्याच्या झाडावर चढायचा आणि ती जाईपर्यंत फळं मोजायचा. एकाने डाव्या हाताने सही केली, वर हिशेब असेल तर उजव्या हाताशी जुळू नये म्हणून. अमरावतीच्या एका दवाखान्यात ती एकदा कोणाला तरी भेटायला गेली. तिथे आमच्या तालुक्याचे तीन पेशंट होते. तिला दारात पाहून तिघेही बरे झाले. एक तर सलाइनची बाटली हातात धरून जिना उतरला, असं तिथला वॉर्डबॉय मला शपथेवर सांगत होता.

तरी आत्या हटली नाही. कधी बायकोच्या धाकाने, कधी आत्याने दारातून हलावं म्हणून, माणसं सह्या देत गेली. दोन वह्या भरल्या. मयतीच्या घरी ती वही घेऊन उभी राहायची, मेलेल्याची सही दाखवायची, आणि बांगड्या वाचायच्या. महिन्याभराने परत तपासायला हजर. त्या बाईला दारात बोलावून म्हणायची, "हात दाखव." बांगड्या मोजायची. कमी दिसल्या तर घरातल्यांची खैर नसे.

तिचा अंदाज चुकला तो एकदाच, पुंडलिकभाऊंच्या बाबतीत. आमच्याकडे भर उन्हाळ्यात माणसं ओली चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढून कूलरपुढे झोपतात. पुंडलिकभाऊ तसेच झोपले होते. पांढरी चादर, वर चढलेली ढेरी, दोन अंगठे जुळलेले. आत्या दार ढकलून आत आली, चादरीला हात जोडले, आणि चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोला म्हणाली, "वहिनी, रडजो पोटभर, पन बांगड्याले कोनाले हात लावू देऊ नोको."

चादर उठून बसली.

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. आत्याने वही उघडली. "जित्ता आहेस तर बरंच झालं. हे घे, सही कर."

पुंडलिकभाऊंनी चादरीतूनच सही केली. त्याच दिवशी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. आज बारा वर्षं झाली, गडी ठणठणीत आहे, पण उन्हाळ्यात चादर घेऊन झोपत नाही.

"पण आत्या, तुले समजते कसं?" मी एकदा तिला विचारलंच. आम्ही मोर्शीच्या एसटी स्टँडवर चहा पीत होतो. बाजूच्या बाकावरचे दोन म्हातारे तिला पाहून आधीच उठून गेले होते.

"फुलांवरून," ती म्हणाली. "नवरा बिमार पडला का बाई फुलं वाढवते. आधी शनवारी मारुतीले रुईचा एक हार. मंग रोजचा हार. मंग दोन देवांचे दोन. आन् एक दिवस दारातच म्हनते, आत्या, उद्यापासून नोको. दवाखान्याचे कागद त्याच्यानंतर येतात." तिने बशी खाली ठेवली. "पुंडलिकच्या बायकोनं घरी मोगरा लावला होता. मले काय मालूम."

त्यानंतर मला तिच्या क्रेटमधल्या प्रत्येक हाराची भीती वाटू लागली.

मोठेबाबांनी सही दिली नाही ती नाहीच. आत्या दर महिन्याला यायची, मोठेबाबा ओसरीवर बसून दर महिन्याला नाही म्हणायचे. त्या भांडणाची दोघांनाही सवय झाली होती. चुकून एखाद्या महिन्यात ती आली नाही तर मोठेबाबा रस्त्याकडे पाहत विचारायचे, "ते बेबी मेली का काय?"

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी घरी आलो होतो. दुपारी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या निंबाखाली स्कूटर उभी, आणि स्कूटरवर पांढरा दुपट्टा. पानसुद्धा हलत नव्हतं. ती हाक मारत नव्हती, वही काढत नव्हती. नुसती आमच्या घराकडे पाहत होती. मागे वळलो तर मोठी माय, म्हणजे मोठेबाबांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. देवघराकडे माझी नजर गेली. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे तीन-तीन हार असायचे. आता देव कोरडे होते.

मोठेबाबा काठी टेकत ओसरीवर गेले आणि त्या सुन्न रस्त्यावर गरजले, "मी जित्ता आहो, बेबी!"

"पाहून राहिली ना, दादा," निंबाखालून आवाज आला.

"सही नाई देनार!"

"मागितली का मी?"

मोठेबाबा ओसरीच्या कडेला टेकले. मग हळूच म्हणाले, "उनात काहून उभी आहेस? पानी घेऊन जाय."

तिने पाणी घेतलं नाही. मान हलवली आणि निघाली. चाकाचाही आवाज झाला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मोठेबाबा गेले.

अंगण माणसांनी भरलं. अकोल्याहून मोठेबाबांची चुलती सीताकाकी आली. नात्यातली सगळ्यात वयस्क विधवा, म्हणून हे काम तिच्या हातचं. तिने पदर खोचला आणि आतून वरवंटा मागवला. मोठी माय तिरडीजवळ बसली होती. दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या. इतक्या गर्दीत मला तेवढ्याच दिसत होत्या.

गर्दी मधून फाटली. आत्या आली होती. काखेत वही.

"तुया दादाची सही आहे का त्याच्यात?" सीताकाकीने विचारलं. "असंल तर मी वरवंटा ठेवते."

साऱ्या अंगणाचे डोळे वहीवर. आत्याला खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी ती वही कोणी तपासली नसती, आणि मी तर मनातल्या मनात तिला खोटं बोलायला सांगत होतो. तिने पान उघडलं. मजकूर होता. खाली जागा कोरी होती.

"नाही," आत्या म्हणाली. "दादानं नाही केली." तिचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

सीताकाकीने वरवंटा उचलला आणि मोठ्या मायचं मनगट धरलं.

"थांबा काकी," मोठी माय म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत तिला कोणी चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं. तिरडीवरचे मोठेबाबा दचकून उठतील असं मला वाटलं. "बेबी, त्या वहीत एखाद्या बाईची सही आहे का वं?"

आत्याने वही चाळली. उगाचच चाळली, तिला ठाऊक होतं. दोन वह्या भरून सगळे पुरुष.

"बांगड्या माया हातातल्या," मोठी माय म्हणाली. "मंग सही त्यायची काहून लागते? आन इकडे पेन."

कोऱ्या जागेत तिने नाव लिहिलं. तिसरी शिकलेली बाई, पाच अक्षरांना बराच वेळ लागला. तोवर वरवंटा हवेत राहिला आणि म्हातारीचा हात भरून आला. शेवटी सीताकाकीनेच तो खाली ठेवला.

तिरडी निघून गेली. बाया अंगणात उरल्या, आणि मोठ्या मायपाशी थांबवलेला मी. आत्या वही घेऊन कोपऱ्यात उभी होती, परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखी. मोठी माय तिच्याकडे बघत राहिली.

"एवढ्या बायांच्या वाचवल्या तू. तुया हात काहून मोकळा गं?"

आत्याने हात मागे घेतला. "मले कोनी म्हनलंच नाही, वहिनी. घाल म्हनून."

मग मोठी माय म्हणाली, "तुले अकोल्याहून हे, तुया भावासंगं, घेऊन आले, तवा मी नवी नवरी होती. या दारातच उभी होती. पाहिले होते तुये हात. मी म्हनायले पाहिजे होतं."

तिने आपल्या हातातल्या चार बांगड्या काढल्या. त्या आत्याला जाईनात. फुलं खुडून, पाणी ओढून तिचा पंजा रुंद झाला होता. कोणीतरी साबण आणला. मोठ्या मायने आत्याची बोटं आपल्या मांडीवर धरून, फेस लावून, एकेक बांगडी सरकवली. आत्याने दुपट्टा डोळ्यांवर ओढून घेतला होता. दुखत असावं.

आता दुपारी ती येते ती ऐकू येते. सुन्न रस्त्याच्या टोकाला आधी काचेचा किणकिणाट, मग स्कूटर. गावाची भीती कमी व्हायला हवी होती. उलट वाढली, कारण आता दार लावलेलं असलं तरी कळतं. पुंडलिकभाऊ तर त्या आवाजाने झोपेतून उठून बसतात.

परवा मी घरी होतो. दीड वाजता तो आवाज आला आणि आमच्याच दारासमोर थांबला. मी कूलर बंद केला. घरातली सगळी माणसं मनात मोजली, मग स्वतःची नाडी पाहिली. बाहेरून मोठ्या मायचा आवाज आला.

"हात दाखव."

"काय नाही वहिनी."

"दाखव म्हनलं ना. एक कमी दिसते."

"क्रेटवर आपटली. फुटली."

"बस इथं," मोठी माय म्हणाली. "साबन आनते."